ट्रायपॉडला निरोप देणाऱ्यांना

ट्रायपॉड कालबाह्य झाला, हे हल्ली इतक्या ठामपणे सांगितलं जातं की नवा कॅमेरा घेणारा ते गृहीतच धरून चालतो. कॅमेऱ्यातच स्टॅबिलायझेशन आलं, आयएसओ वाढवला तरी बिघडत नाही, उरलेले दाणे सॉफ्टवेअर पुसून टाकतं. मग तीन पायांचं हे ओझं गडावर कशाला वाहायचं, असा हा युक्तिवाद. त्याच्या जोडीला एक सल्लाही मिळतो: घ्यायचाच असेल तर किलोभर वजनाचा, सॅकमध्ये मावणारा घ्या, तेवढा पुरतो. माझा या दोन्ही गोष्टींना विरोध आहे, आणि सल्ल्याला जास्त आहे. कारण पहिलं मत बहुतेकदा या सल्ल्यातूनच जन्म घेतं. डगमगणारा ट्रायपॉड वापरून कंटाळलेला माणूस हातातले फोटो आणि ट्रायपॉडवरचे फोटो शेजारी ठेवतो, त्याला फरक दिसत नाही, आणि तो ट्रायपॉड नावाची वस्तूच मोडीत काढतो. त्याचा अनुभव खरा आहे. त्यातून काढलेला निष्कर्ष चूक आहे.

आधी स्टॅबिलायझेशनचं श्रेय त्याला मोकळेपणानं देऊ. 2020 साली कॅननने आर5 बाजारात आणला तेव्हा ठरावीक लेन्ससोबत 8 स्टॉपपर्यंतचा आकडा जाहीर केला. हिशेब करून पाहा. 50 मिलिमीटरची लेन्स हातात धरून 1/50 सेकंद हा जुना सुरक्षित ठोकताळा. 8 स्टॉप म्हणजे त्याच्या 256 पट वेळ, म्हणजे सुमारे 5 सेकंद. पण हा आकडा प्रयोगशाळेतला आहे. तिथे कॅमेरा यंत्रावर बसवून ठरलेल्या पद्धतीनं हलवला जातो. चढण चढून नुकताच माथ्यावर पोचलेला, धाप लागलेला, कड्यावरच्या वाऱ्यात उभा असलेला माणूस त्या चाचणीत कुठेच नसतो. शिवाय कॅमेऱ्यातला जायरो पृथ्वीच्या फिरण्यालाही हात हलल्यासारखंच मोजतो. पृथ्वी सेकंदाला 15 आर्कसेकंद फिरते, आणि एक्स्पोजर लांबलं की ही चूक साठत जाते. 2016च्या सुमारास ऑलिंपसच्या अभियंत्यांनीच ही अडचण उघडपणे सांगितली होती. त्यानंतर जाहिरातीतले आकडे वाढत गेले, तंत्रही सुधारलं, हे मान्य. चांगला हात असलेला माणूस आज अर्धा-एक सेकंद कॅमेरा धरून स्वच्छ फोटो काढतो, हेही मान्य.

तरीही माझा मुख्य आक्षेप तसाच राहतो. स्टॅबिलायझेशन एका फोटोच्या आतला हादरा आवरतं. कॅमेरा दोन फोटोंच्या मध्ये जिथल्या तिथे राहील, याची हमी ते देऊ शकत नाही. आणि आजच्या गंभीर छायाचित्रणातलं कितीतरी काम नेमकं या दुसऱ्या गोष्टीवर उभं आहे.

काजव्यांचं घ्या. मेअखेर ते जून, पहिल्या पावसाच्या आधी, भंडारदरा, पुरुषवाडी, राजमाचीकडे कॅमेरे घेऊन गर्दी लोटते. झाडभर लुकलुकणाऱ्या काजव्यांचे जे फोटो आपण पाहतो, ते वीस-तीस सेकंदांची अनेक एक्स्पोजर एकावर एक रचून केलेले असतात. त्यातल्या एखाद्या फ्रेममध्ये झाडाचं खोड थोडं सरकलं तरी सगळी रचना फिसकटते. इथे 8 स्टॉपचा काय उपयोग? (काजव्यांच्या जंगलात अंधारात ट्रायपॉडचे पाय कुठेही रोवू नयेत. गवतात काजव्यांच्या माद्या असतात, आणि त्या पायांखाली चिरडल्या जातात. वाटेवर उभं राहून जो फोटो मिळेल तोच घ्यावा.) कासच्या सड्यावर सीतेची आसवं टिपायला गुडघे टेकलेल्या माणसाचंही तेच. फूल काही मिलिमीटरचं. प्रत्यक्ष आकाराएवढी प्रतिमा घ्यायची, तर एफ8ला फोकसमध्ये येणारी खोली जेमतेम एक मिलिमीटर असते. संपूर्ण फूल नीट हवं असेल तर फोकस थोडा थोडा सरकवत अनेक फोटो घ्यायचे आणि जोडायचे. गुडघ्यावर बसून श्वास रोखलेला माणूस पुढे-मागे झुलतो तो एका मिलिमीटरपेक्षा कितीतरी जास्त, आणि पुढे-मागे झुलणं ही स्टॅबिलायझेशनची दुखरी बाजू आहे. वारा असेल तर फूलच हलतं, तिथे ट्रायपॉडही हात टेकतो, हे खरं. पण पहाटेची वाऱ्याची पडती वेळ साधून गेलेल्या माणसाला ‘हातातच धर’ असं सांगणं म्हणजे त्याची ती पहाट वाया घालवणं आहे.

तारकांच्या रेषांबद्दल तर वादच नको. महाराष्ट्रातून ध्रुव क्षितिजापासून साधारण 16 ते 22 अंशांवरच दिसतो. त्यामुळे गडाचा बुरूज आणि ध्रुवाभोवतीची वर्तुळं एका चौकटीत बसवणं आपल्याकडे उत्तरेतल्या लोकांपेक्षा सोपं आहे. एवढी सोय निसर्गानं दिली असताना तास-दीड तास न हलणारा आधारच जवळ नसेल तर ती सोय कुणाच्या कामाची?

आयएसओचा मुद्दा मला स्टॅबिलायझेशनपेक्षाही कच्चा वाटतो. आयएसओ 100 ऐवजी 6400 लावलं की सेन्सरवर चौसष्टपट कमी प्रकाश पडतो, आणि संकेत आणि गोंधळ यांचं प्रमाण आठपट बिघडतं. हा प्रकाशाच्या कणांचा हिशेब आहे, कोणत्याही कंपनीला तो बदलता येत नाही. सॉफ्टवेअर दाणे काढतं तेव्हा दाण्याखाली काय होतं याचा अंदाज बांधून ते भरतं. लग्नातल्या चेहऱ्यावर हा अंदाज खपून जातो. पण जिथे पोत हाच विषय असतो, तिथे तो खपवून घेऊ नये. लेण्यातल्या भिंतीवरचा रंगाचा पापुद्रा, जांभ्या दगडावरचं शेवाळ, जुन्या हस्तलिखिताचा कागद: इथे छायाचित्रकार नोंद करत असतो. नोंदीत अंदाज मिसळला की ती नोंद राहत नाही. बिनॉय बहल यांनी 1990च्या दशकात अजिंठ्याची चित्रं मंद प्रकाशात टिपली, तीव्र दिव्यांचा मारा न करता, आणि 1998मध्ये त्यांचं अजिंठ्यावरचं पुस्तक आलं. त्या भिंतींवर इतक्या अंधारात काम करायचं तर कॅमेऱ्याला लांब वेळ द्यावाच लागतो, आणि तो वेळ हातात धरून देता येत नाही. आज कॅमेरे कितीतरी संवेदनशील आहेत. म्हणून त्या भिंतींना आज कमी प्रकाश पुरावा, असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित स्मारकांत ट्रायपॉड लावायला परवानगी लागते, मग तो घेऊन तरी काय करायचं, असं यावर कुणी म्हणेल. अडचण खरी आहे. गर्दीत पाय पसरून वाट अडवणाऱ्यांमुळे तो नियम आवश्यकही झाला आहे. पण परवानगी मागावी लागते म्हणून साधन निरुपयोगी ठरत नाही. ज्याला लेण्यांचं खरोखर काम करायचं आहे त्यानं अर्ज करावा.

दुसरा आक्षेप कलेच्या नावानं येतो. ट्रायपॉड म्हणजे जखडणं, उत्स्फूर्तता गेली, कार्तिए-ब्रेसाँने कुठे ट्रायपॉड वापरला होता? त्याला गरज नव्हती. रस्त्यावरचा क्षण त्याचा विषय होता, आणि लहानसा लायका हे त्या विषयाचं योग्य साधन होतं. त्याच पॅरिसमध्ये त्याच्या आधी युजीन आत्जे लाकडी कॅमेरा, काचेच्या प्लेट आणि ट्रायपॉड खांद्यावर घेऊन गल्ल्या, दारं, जिने टिपत हिंडला. त्याच्या फोटोंत जुनं पॅरिस दगडन् दगड शाबूत आहे. यातल्या कुणाला जास्त कलावंत म्हणायचं, या वादात मला रस नाही. विषय साधन ठरवतो एवढंच मला म्हणायचं आहे. म्हणूनच ट्रायपॉड सगळीकडे न्या, असा माझा आग्रह नाही. गोपाळ बोधे यांनी हवेतून महाराष्ट्राचे किनारे टिपले. हेलिकॉप्टरच्या तळावर ट्रायपॉड टेकवला तर इंजिनाची थरथर थेट लेन्सपर्यंत पोचेल, तिथे माणसाचं शरीरच उत्तम आधार. भिगवणला रोहित पाहायला नावेत बसलात तर तेच: नाव हलली की ट्रायपॉड हलणार. ताडोबाच्या जिप्सीत बीनबॅग ठेवावी आणि चालकाला इंजिन बंद करायला सांगावं. या जागा सोडल्या तरी ट्रायपॉडची गरज असलेल्या जागा पुष्कळ उरतात.

आता त्या सल्ल्याकडे वळतो, कारण खरं नुकसान तो करतो आहे.

दुकानात ट्रायपॉडच्या खोक्यावर ठळक छापलेलं असतं: भारक्षमता 8 किलो, 10 किलो, कधी 15. कॅमेरा आणि लेन्स मिळून भरतात दोन किलो, त्यामुळे घेणारा निर्धास्त होतो. हा आकडा मोजण्याची सगळ्या कंपन्यांनी मान्य केलेली एकही पद्धत नाही. प्रत्येक जण आपापल्या रीतीनं तो काढतो आणि छापतो. आणि तो प्रामाणिकपणे मोजला असला तरी प्रश्नच चुकीचा विचारलेला असतो. किती वजनानं ट्रायपॉड कोसळेल, हे आपल्याला जाणून घ्यायचं नसतं. बोटानं शटर दाबल्यावर, वाऱ्याची झुळूक आल्यावर तो किती वळतो आणि किती वेळ थरथरत राहतो, हे जाणून घ्यायचं असतं. सुंभाची बाज चार माणसं सहज पेलते, पण तिच्यावर बसून कुणी सुईत दोरा ओवून दाखवावा. भार पेलणं आणि ताठ राहणं हे दोन वेगळे गुण आहेत, आणि खोक्यावर फक्त पहिला छापतात.

ताठपणा किती लागतो? 45 मेगापिक्सेलच्या फुल फ्रेम सेन्सरवर एका पिक्सेलची रुंदी सुमारे 4.4 मायक्रॉन असते. 200 मिलिमीटरच्या लेन्समधून हा एक पिक्सेल साधारण साडेचार आर्कसेकंदांचा कोन व्यापतो. लेन्स 30 सेंटिमीटर लांब धरली, तर तिचं पुढचं टोक मागच्या टोकाच्या तुलनेत सहा-सात मायक्रॉन हललं की प्रतिमा एक पिक्सेल सरकते. माणसाच्या केसाच्या जाडीचा हा साधारण दहावा हिस्सा. दोन-तीन पिक्सेल सरकलं की दूरच्या कड्याची कातीव धार मऊ पडते, आणि आपण लेन्सला दोष देतो. कितीतरी चांगल्या लेन्स या खोट्या आरोपावरून विकल्या गेल्या असतील.

ट्रायपॉडचा ताठपणा त्याच्या नळ्यांच्या व्यासावर सर्वांत जास्त अवलंबून असतो, आणि हे नातं सरळ नाही. नळीच्या भिंतीची जाडी तीच ठेवून व्यास वाढवला तर वाकण्याला होणारा विरोध व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. 22 मिलिमीटरऐवजी 32 मिलिमीटरची नळी घेतली की विरोध सुमारे तिप्पट होतो. आता प्रवासी ट्रायपॉडची रचना पाहा. घडी लहान व्हावी म्हणून पायाचे चार किंवा पाच भाग केलेले असतात, आणि प्रत्येक भाग वरच्यापेक्षा साधारण तीन-चार मिलिमीटरनं बारीक. वरची नळी 22 मिलिमीटरची असेल तर चौथा भाग 11-12 मिलिमीटरचा उरतो. त्याचा ताठपणा वरच्या नळीच्या सातव्या हिश्शाइतका. सगळा डोलारा त्या काडीवर उभा. गिट्झोसारख्या जुन्या कंपनीनं मॉडेलच्या क्रमांकातच नळीच्या व्यासाची श्रेणी दिली आहे, ते उगाच नाही. खोक्यावर काय पाहावं असं मला कुणी विचारलं तर मी सांगतो, सर्वांत खालच्या नळीचा व्यास पाहा. तो छापलेला नसेल तर मोजून पाहा.

मधला दांडा ही दुसरी फसवणूक. उंची 160 सेंटिमीटर लिहिलेली असते, आणि त्यातले तीस-पस्तीस सेंटिमीटर त्या दांड्याचे असतात. दांडा वर काढला की तीन पायांचा ट्रायपॉड माथ्यावर एकपायी होतो, आणि कॅमेरा त्या एका पायाच्या टोकावर झुलतो. घेताना दांडा न काढता किती उंची मिळते, तेवढाच हिशेब करावा. त्यावर हेडचे दहा सेंटिमीटर आणि कॅमेऱ्याच्या डोळ्यापर्यंतचे आणखी दहा येतात. पाच फूट सात इंच उंचीच्या माणसाला पायांची उंची 135 ते 140 सेंटिमीटर असली की वाकावं लागत नाही. दांडाच नसलेला ट्रायपॉड मिळत असेल तर तो बिनदिक्कत घ्यावा. तो जमिनीलगतही बसतो, आणि कासच्या फुलांसाठी नेमकं तेच हवं असतं.

हेडबद्दल थोडक्यात. बॉल हेड आवळल्यावर लेन्सचं टोक खाली कलतं का, हे पाहावं. कलत असेल तर तो कितीही सुंदर असो, परत ठेवावा. प्लेट आर्का-स्विस पद्धतीचीच घ्यावी. आता जवळपास सगळे त्याच मापाच्या प्लेट बनवतात, त्यामुळे हेड बदललं तरी प्लेट बदलावी लागत नाही. कॅमेऱ्याखाली जाड रबराचा थर असलेली प्लेट टाळावी, ते रबर दबतं आणि सुटतं.

कार्बन फायबर हवाच, असं मात्र मी म्हणणार नाही. तो हलका असतो, थरथर लवकर शमवतो, थंडीत हाताला चटका देत नाही, आणि त्याची किंमतही तशीच असते. पण बारीक कार्बनपेक्षा जाड अॅल्युमिनियम नक्की बरं. पैसे मोजके असतील तर तीन भागांचा, 28 मिलिमीटरच्या आसपास वरची नळी असलेला अॅल्युमिनियमचा ट्रायपॉड घ्यावा, आणि त्याचं वजन दोन-सव्वादोन किलो असेल हे आधीच मान्य करावं. इथेच लोक अडतात. हरिश्चंद्रगड चढताना एक किलो जास्त? हो, जास्त. ज्या सॅकमध्ये ‘लागली तर’ म्हणून दुसरी झूम, तिसरी बॅटरी आणि फ्लॅश जातो, त्या सॅकमधून हा किलो काढता येतो. कोकणकड्यावर संध्याकाळी वारा खालून वर उसळतो तेव्हा किलोभराचा ट्रायपॉड तग धरत नाही. मग माणूस त्याला सॅक लटकवतो, सॅक वाऱ्यात झुलते, आणि ट्रायपॉड आणखी हलतो. सॅक लटकवायचीच असेल तर ती जमिनीला टेकलेली ठेवावी. उतारावर दोन पाय खालच्या बाजूला, एक वरच्या. आणि दोन सेकंदांचा टायमर लावून बोट कॅमेऱ्यावरून काढून घ्यावं. ताठ ट्रायपॉडवर ते दोन सेकंद पुरतात. लेचापेचा असेल तर पाच सेकंदांनीही तो शांत होत नाही. आरशाच्या जुन्या डीएसएलआरमध्ये 1/60 ते एक सेकंद या टप्प्यात आरशाचा धक्काच फोटो बिघडवतो, तिथे मिरर लॉक वापरावा.

किनाऱ्यावर काम करणाऱ्यांसाठी एक सूचना, कारण कोकणात आणि गोव्यात मी खाऱ्या पाण्यामुळे आणि वाळूमुळेच ट्रायपॉड मरताना पाहिले आहेत. पाय पाण्यात घालायचे तर खालचा भाग पूर्ण बाहेर काढूनच घालावेत, म्हणजे लॉक पाण्याच्या वर राहतात. घरी आल्यावर गोड्या पाण्यानं धुऊन, सुटे करून वाळवावेत. वाळू शिरलेलं लॉक जोर लावून फिरवलं की आटे कायमचे जातात.

मोनोपॉडची बाजू घेणाऱ्यांशी माझं भांडण नाही, फक्त त्याला ट्रायपॉडचा पर्याय म्हणून विकू नये. एक पाय वर-खालचा हादरा घालवतो, बाजूचा आणि गोल फिरण्याचा ठेवतो. त्यातून दोन-तीन स्टॉपचा फायदा मिळतो, आणि क्रिकेटच्या मैदानात सीमारेषेमागे दिवसभर 400 मिलिमीटरची लेन्स धरणाऱ्याचे खांदे वाचतात. ते मोठंच काम आहे. पक्ष्यांमागे पायी हिंडणाऱ्यालाही मोनोपॉड द्यावा. पण तोही जाड नळीचा. हडकुळ्या मोनोपॉडवर तीन किलोची लेन्स टेकवली की तो मध्येच धनुष्यासारखा वाकतो, आणि आधाराऐवजी नवी लवचीक कांबी हातात येते.

उरला पैशाचा प्रश्न. लाख-दीड लाख कॅमेरा-लेन्सवर खर्च करणारा माणूस ट्रायपॉडपाशी येऊन दोन हजारांवर थांबतो, कारण त्याला तसंच शिकवलेलं असतं. कॅमेऱ्याचं बॉडी मॉडेल चार-पाच वर्षांत जुनं होतं. चांगला ट्रायपॉड पंधरा-वीस वर्षं चालतो, त्याचे रबरी पाय आणि लॉकचे वॉशर बदलता येतात, आणि जुना विकत घेतला तरी त्याच्यात बिघडण्यासारखं फारसं काही नसतं. म्हणून पुढची लेन्स घेण्याआधी ट्रायपॉड घ्या, असं मी म्हणतो. दुकानात जाताना आपला कॅमेरा आणि आपली सर्वांत लांब लेन्स घेऊन जा. ट्रायपॉड पूर्ण उंचीवर उघडा, दांडा खालीच ठेवा, समोरच्या इमारतीवरच्या एखाद्या पाटीवर लेन्स रोखा, आणि लाइव्ह व्ह्यू दहापट मोठा करा. मग पायावर बोटानं एक टिचकी मारा आणि पडद्यावरची अक्षरं किती वेळ थरथरतात ते मोजा. सेकंदभरात शांत झाली तर ट्रायपॉडचा विचार करा. तीन सेकंदांनंतरही हलत असतील तर तो परत करा, मग खोक्यावर कितीही किलो छापलेले असोत. आणि हे करून पाहू न देणाऱ्या दुकानातून ट्रायपॉड घेऊ नका.